मॉरिस मायनर १००० : पुढचे ब्रेक शू बदलल्यावर पेडल खाली जाते आणि गाडी डावीकडे ओढते

रेडिंगकर :

नमस्कार. माझ्याकडे १९६५ सालची, १०९८ सीसी इंजिनाची मॉरिस मायनर १००० असून गाडी इंग्लंडमध्ये माझ्या राहत्या गावीच असते. पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक शूंची (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानींची) लायनिंग, म्हणजे त्यांवरचा घासला जाणारा थर, रिव्हेटपर्यंत झिजल्यामुळे मी नुकतेच तेथील शू बदलले. ड्रम आठ इंची असल्याची खात्री करूनच नवे शू मागवले होते. ड्रमच्या छिद्रातून स्क्रू ड्रायव्हर घालून अ‍ॅडजस्टरही (शू आणि ड्रममधले अंतर जुळवणारे भाग) फिरवले. आता पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाला टेकते, लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येऊन कडक होते. शिवाय जोरात ब्रेक लावल्यास गाडी डावीकडे ओढली जाते. काम करताना एकही पाइप उघडलेला नाही. तरीही ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढून पाहावी, की दोष अन्यत्र शोधावा?

जुनेलोखंड :

हवा काढण्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. पाइप उघडला नसला तरी जुन्या रबरी सीलमधून हवा आत ओढली जाऊ शकते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते बरेच जुने असेल तर या निमित्ताने सगळेच बदलून होईल. मात्र सध्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) असेल तर डॉट ४ च घालावे, त्यात सिलिकॉनचे डॉट ५ मिसळू नये.

पानेवाला :

ऑइल बदलण्यास हरकत नाही, परंतु आपण वर्णन केलेली लक्षणे हवेची वाटत नाहीत. हवा असेल तर पेडल स्पंजासारखे दबते आणि कितीही वेळा दाबले तरी ते मऊपण पूर्णपणे जात नाही. पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्या दाबाला कडक, याचा अर्थ शू ड्रमपासून लांब उभे आहेत आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या दाबाने चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) एका दाबातील ऑइल पिस्टनना तेवढे अंतर पुढे नेण्यातच संपत आहे.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर आणि दोन स्वतंत्र कॅम अ‍ॅडजस्टर (फिरवल्यावर शूला ड्रमकडे सरकवणाऱ्या चकत्या) असतात, तर मागच्या चाकाला एकच. ड्रमला छिद्र मात्र एकच असल्यामुळे एक कॅम बसवल्यावर चाक अर्धा फेरा फिरवून दुसरा शोधावा लागतो आणि नेमका तोच अनेकदा राहून जातो. चाक जॅकवर घेऊन, गाडी स्टँडवर टेकवून, एक कॅम चाक पूर्ण अडेपर्यंत फिरवावा, मग चाक जेमतेम मोकळे होईल इतकाच मागे घ्यावा, आणि त्यानंतर दुसऱ्या कॅमला हात लावावा. प्रत्येक वेळी मध्ये पेडल दोनदा दाबले की शू ड्रममध्ये मधोमध बसतात.

गाडी ओढली जाण्याचे कारण वेगळे असावे. गाडी ज्या बाजूला ब्रेक अधिक लागतो त्या बाजूला वळते, म्हणून संशय उजव्या चाकावर घ्यावा. पुढच्या चाकांत दोन्ही शू ड्रमच्या फिरण्याबरोबर स्वतःच आत ओढले जातील अशी मांडणी असते. त्यामुळे ब्रेक चांगला लागतो (आणि चढावर गाडी मागे घसरू लागली की तोच ब्रेक अशक्त वाटतो), पण दोनांपैकी एक पिस्टन अडकला तर त्या चाकाचा निम्मा जोर गेलाच म्हणून समजावे. जाड लायनिंगचे नवे शू बसवताना पिस्टन आत ढकलावे लागतात. वर्षानुवर्षे जिथे सील पोहोचले नव्हते त्या गंजलेल्या भागात ते गेले की तिथेच रुततात. उजवा ड्रम काढून कोणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगावे आणि दोन्ही पिस्टन हलतात का ते पाहावे; मात्र शूंभोवती पट्टी किंवा क्लॅम्प अवश्य बांधावा, नाहीतर पिस्टन बाहेर येऊन सगळे ऑइल लायनिंगवर सांडेल.

रेडिंगकर :

आपल्या सांगण्याप्रमाणे चारही कॅम नव्याने बसवल्यावर पेडल पहिल्याच दाबाला वर थांबते. उजवीकडचा वरचा पिस्टन सहज सरकतो, खालचा मात्र जागचा हलत नाही, आणि रबरी कव्हर उचलल्यावर त्याच्या कडेला तपकिरी ओला चिखल दिसला. सिलिंडर उघडून नव्या सीलचे किट घालावे, की नवाच बसवावा? एकच बदलून चालेल का?

पानेवाला :

आतल्या भिंतीला नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर किट घालण्यात अर्थ नाही, कारण नवे सील त्या खड्ड्यांवर महिनाभरात फाटते. किटचा विचार भिंत आरशासारखी स्वच्छ असेल तरच करावा. मी तर त्या चाकाचे दोन्ही सिलिंडर नवे घालीन, आणि डाव्या चाकाचेही उघडून पाहीन, कारण चारही एकाच वयाचे असतील. सिलिंडर उघडल्यावर मात्र हवा काढावीच लागेल. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली चॅसिसमध्ये असतो, त्यामुळे हवा काढताना तेथील ऑइल संपत आले हे वरून दिसत नाही. गालिचा बाजूला ठेवून पातळी वारंवार तपासावी.

डेक्कनकर :

दोन गोष्टींची भर घालतो. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ब्रिटनमध्ये त्याच्यावर १९९९ मध्ये बंदी आली, पण आपल्या ड्रममधली धूळ त्याआधीची असू शकते. कॉम्प्रेसरची हवा मारून ती कधीही उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

दुसरे, ड्रम पूर्वी लेथवर घासून मोठा झाला असेल तर नव्या शूची गोलाई त्याच्याशी जुळत नाही आणि लायनिंग सुरुवातीला फक्त मध्यभागी टेकते. लायनिंगवर खडूची रेघ मारून, ड्रम बसवून, चाक फिरवत हलका ब्रेक लावला की रेघ कुठे पुसली गेली त्यावरून हे कळते. थोडा फरक असेल तर शंभरेक मैल सौम्य ब्रेक वापरून शू बसू द्यावेत आणि कॅम पुन्हा एकदा जुळवावेत. चाळीस वर्षांवरील आपल्या गाडीला २०१८ पासून एमओटी या ब्रिटनमधील वार्षिक वाहन-तपासणी चाचणीची सक्ती उरलेली नसली, तरी त्यानंतर एखाद्या चाचणी केंद्रात रोलरवर ब्रेक मोजून घ्यावेत. डाव्या-उजव्या चाकांच्या जोरातला फरक तिथे आकड्यांत दिसतो.