शब्दचर्चा: 'इमर्सिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

एका प्रदर्शनाच्या माहितीफलकांचं भाषांतर करते आहे. चारही भिंतींवर, छतावर आणि जमिनीवर चित्रं प्रक्षेपित होतात, आवाज सगळीकडून येतो आणि माणसं त्या चित्रांमधून चालत फिरतात. मूळ मजकुरात 'इमर्सिव्ह' हा शब्द अकरा वेळा आला आहे. मी आधी सरसकट 'तल्लीन करणारा अनुभव' असं लिहून टाकलं, पण मोठ्याने वाचून बघताना ते खटकलं. भाषांतर करणाऱ्या यंत्राला विचारलं तर त्याने 'विसर्जित अनुभव' दिला, तो तर वापरणं शक्यच नाही. तुम्ही कोणता शब्द वापराल?

प्रतिसाद १

'तन्मय करणारा' कसं वाटतं? तल्लीनपेक्षा थोडं भारदस्त आहे आणि अर्थही बसतो.

प्रतिसाद २

सरळ 'इमर्सिव्ह' लिहा. सिनेमा, कॅमेरा, स्टुडिओ, हेडसेट हे सगळे शब्द आपण तसेच घेतलेत. तिकीट काढणाऱ्या माणसाला कळतं.

प्रतिसाद ३

आधी 'विसर्जित'चा निकाल लावू. 'वि' आणि 'सृज्' मिळून विसर्जन होतं. त्याचा अर्थ सोडणं, निरोप देणं. त्या शब्दात पाणी नाहीच. सभा विसर्जित होते तेव्हा कुणीही बुडत नाही.

'इमर्सिव्ह'च्या मुळाशी मात्र खरोखर बुडणं आहे. लॅटिनमधला 'मेर्गेरे' म्हणजे बुडवणं. आपला 'मग्न' त्याचा लांबचा भाऊ लागतो. संस्कृत 'मज्ज्' म्हणजे बुडणे, त्याचं रूप मग्न, आणि दोन्ही धातू एकाच जुन्या मुळातून आले असं भाषाशास्त्रात मानतात. मग 'मग्न करणारा' म्हणून मोकळं व्हावं असं वाटेल. पण मराठीत मग्नमधलं पाणी केव्हाच आटलं आहे. कामात मग्न, विचारात मग्न, स्वतःत मग्न असं आपण म्हणतो. हा माणूस एका जागी बसलेला असतो आणि आजूबाजूचं त्याला दिसत नसतं. तुमच्या दालनातला माणूस नेमका आजूबाजूचं बघायला आलेला आहे.

'बुडवणे' हे क्रियापद तर हाताशी धरताच येत नाही. धंदा बुडतो, कर्ज बुडवतात, मुलं शाळा बुडवतात. 'बुडवून टाकणारा अनुभव' वाचून माणूस खिसा चाचपेल.

आता माझा मुख्य मुद्दा. तल्लीन, तन्मय, मग्न, गर्क, गुंग, एकरूप हे सगळे शब्द बघणाऱ्याच्या मनाचे आहेत. तल्लीन म्हणजे तत् अधिक लीन, तन्मय म्हणजे तत् अधिक मय. दोन्हींत 'ते' आधीपासून आहे आणि मन त्यात जाऊन मिळतं. काश्मीरचा जुना काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त याने सहृदयाची, म्हणजे जाणत्या रसिकाची, व्याख्या करताना 'तन्मयीभवन' हा शब्द वापरला, तोही प्रेक्षकाच्या योग्यतेबद्दल. अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, त्याला ते जमतं. तिथे दालन, दिवे, पडदा यांचा प्रश्नच येत नाही. फाटकं पुस्तक घेऊन गोंगाटात उभा असलेला माणूसही तन्मय होऊ शकतो.

'इमर्सिव्ह' हे विशेषण मात्र रचनेचं आहे, मांडणीचं आहे. आभासी वास्तवावर (व्हर्च्युअल रिॲलिटीवर) काम करणारे संशोधक मेल स्लेटर यांनी हा फरक फार नेमका केला. त्यांच्या मांडणीत 'इमर्शन' हा यंत्रणेचा गुण आहे. दृश्य किती अंशांत पसरलं आहे, मान वळवली की ते किती लवकर वळतं, आवाज कुठून येतो, हे सगळं मोजता येतं. 'आपण तिथेच आहोत' असं जे वाटतं ती वेगळी गोष्ट, आणि तिला ते 'प्रेझेन्स' म्हणतात. एक गोष्ट बांधणाऱ्याच्या हातात असते, दुसरी बघणाऱ्याच्या आत घडते. भल्यामोठ्या दालनाच्या मधोमध उभं राहून माणूस उद्याच्या कामांची यादी करत असू शकतो. दालन इमर्सिव्ह आहेच, फक्त तो तल्लीन नाही. तुमच्या फलकावर 'तल्लीन करणारा' लिहिलं की आपण परिणामाची हमी देऊन बसतो. तेच तुम्हाला खटकलं असावं.

हा फरक मला स्वतःला एकदा पायाच्या तळव्यातून कळला. डोळ्यांवर आभासी वास्तवाचा हेडसेट घातला होता. समोर उंच इमारतीच्या कडेवरून बाहेर काढलेली एक फळी. खाली सतरंजी आहे हे मला ठाऊक होतं, तिचे धागे मोज्यातून जाणवतही होते. तरी उजवा पाय उचलला गेला नाही. गुडघे आपोआप वाकले, हात आधाराला बाजूला गेला आणि तिथे काहीच नव्हतं. त्या क्षणी मी तल्लीन वगैरे अजिबात नव्हतो, उलट लख्ख जागा होतो. पण मला चहूबाजूंनी वेढलेलं होतं. तेव्हापासून माझ्या मनात या शब्दासाठी 'वेढणे' हेच क्रियापद बसलं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

'वेढणारा अनुभव'? पण वेढा म्हटलं की मला किल्ल्याला पडलेला वेढा दिसतो. रसद तोडलेली, माणसं आत अडकलेली.

प्रतिसाद ३

नाम घेतलं तर तसं होतं, खरं आहे. क्रियापदाला ती शत्रुत्वाची छटा दरवेळी नसते. डोंगर धुक्याने वेढला जातो, गाव झाडांनी वेढलेलं असतं, वेल खांबाला वेढे घालते, बोटातल्या वळ्यालाही वेढं म्हणतात. म्हणून 'वेढा' टाळा आणि 'वेढून घेणारा', 'चहूबाजूंनी वेढणारा' लिहा.

आणि वेढणं हे या कलेचं खरं काम आहे, हे तिचा इतिहासच सांगतो. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं. पुढे त्यासाठी 'पॅनोरमा' हा शब्द घडवला गेला, ग्रीक 'पान' म्हणजे सर्व आणि 'होरामा' म्हणजे दृश्य. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याची खास गोल इमारत उभी राहिली. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेने आत येई आणि मधल्या चौथऱ्यावर चढे. उजेड वरून येई, पण कुठून ते दिसत नसे. चित्राची वरची कड छताआड आणि खालची कड चौथऱ्याआड झाकलेली. चित्र कुठे संपतं हेच कळत नसे. हेगमध्ये १८८१ साली उघडलेला चित्रकार मेसदाखचा पॅनोरमा आजही बघता येतो. सुमारे १४ मीटर उंच आणि १२० मीटर घेराचं समुद्रकिनाऱ्याचं चित्र आहे ते. खालची कड लपवायला तिथे चित्राच्या पायथ्याशी खरी वाळू पसरली आहे. खरी वाळू कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते ते डोळ्याला सापडत नाही.

कड लपवणे! मला हीच या सगळ्या खटाटोपाची गुरुकिल्ली वाटते. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याच्याभोवती मातीचा उंच बांध घातला होता, आतल्या माणसाला बाहेरचं शहर दिसू नये म्हणून. मॉर्टन हायलिगच्या 'सेन्सोरामा' यंत्रात, ज्याचं पेटंट १९६२ चं, माणूस डोकं खुपसून बसे. त्रिमितीय दृश्य, दोन्ही कानांना वेगळा आवाज, हलणारी खुर्ची, पंख्याचा वारा आणि वाससुद्धा. आजचा हेडसेट डोळ्यांभोवतीची फट बुजवतो. लास व्हेगासमधलं 'स्फिअर' हे गोलाकार प्रेक्षागृह २०२३ मध्ये सुरू झालं. त्याचा आतला पडदा सुमारे १,६०,००० चौरस फुटांचा आहे आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून मागे जातो. सव्वादोनशे वर्षांत साधनं पार बदलली, पण चौकट नाहीशी करायचा ध्यास तोच राहिला.

प्रतिसाद ४

'निमज्जन' का नको? निमज्जन, निमज्जक, निमज्जित अशी अख्खी शब्दमालिका तयार होते. पारिभाषिक शब्दाला हे फार महत्त्वाचं असतं. 'वेढणारा'पासून भाववाचक नाम काय करणार?

प्रतिसाद ३

शोधनिबंधात 'निमज्जन' मी आनंदाने वापरेन. स्लेटर यांचं 'इमर्शन' आणि 'प्रेझेन्स' असं जोडीने लिहायचं तर 'निमज्जन' आणि 'तिथे असल्याची जाणीव' ही जोडी चांगली आहे. 'उपस्थिती' मात्र नको, त्याला हजेरीपटाचा वास येतो. माझी अडचण एवढीच की दालनाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने 'निमज्जक' वाचलं तर तो थांबेल, आणि थांबून मागे वळेल. भाववाचक नाम हवं तर 'वेढलेपण' आहे. बोलून बघा, जिभेला जड नाही.

'इमर्सिव्ह' तसाच ठेवा म्हणणाऱ्यांनाही माझा विरोध नाही. प्रकाराचं नाव म्हणून तो राहू दे. पण जाहिरातींनी तो शब्द इतका सैल केला आहे की आता खुर्ची, हेडफोन, फोनचा पडदा, सगळंच इमर्सिव्ह असतं. मराठीत लिहिताना आपल्याला थांबून विचारावं लागतं की इथे नेमकं काय म्हणायचं आहे. ही अडचण मला मोलाची वाटते. अकराच्या अकरा ठिकाणी एकच शब्द यायला हवा असं तरी कुठे आहे?

प्रतिसाद ५

मी नाटकवाला. आमच्याकडे 'इमर्सिव्ह थिएटर' म्हणतात ते 'वेढणारं' म्हणून भागत नाही. लंडनच्या पंचड्रंक या संस्थेचे प्रयोग घ्या. प्रेक्षकांना पांढरे मुखवटे देतात, बोलायचं नाही असं सांगतात, आणि मग एका अख्ख्या इमारतीत सोडून देतात. नट खोल्याखोल्यांतून जातात, तुम्हाला हवं त्याच्या मागे जा. टेबलाचे खण उघडा, आतली पत्रं वाचा. दोन प्रेक्षकांनी बघितलेलं नाटक सारखं नसतं. तिथे भिंत वेढते आहे हे खरंच, पण मुख्य गोष्ट ही की प्रेक्षक प्रेक्षागृहात नाही, तो रंगमंचावरच आहे.

प्रतिसाद ३

बरं झालं हे लिहिलंत. म्हणजे 'इमर्सिव्ह' या एका टोपलीत दोन गोष्टी आहेत. एक वेढणं, दुसरं शिरकाव. प्रक्षेपणाच्या दालनात तुम्ही वेढलेले असता, पण तुमच्या असण्या-नसण्याने चित्राला बहुधा फरक पडत नाही. टोकियोच्या टीमलॅब या कलासमूहाची काही दालनं याला अपवाद आहेत, तिथे माणूस उभा राहिला की फुलं त्याच्याभोवती उमलतात किंवा गळतात. उलट सुटकेच्या खेळात (एस्केप रूममध्ये), ज्याची सुरुवात २००७ मध्ये क्योटोत झाली, भिंती साध्याच असू शकतात, पण कोडं सोडवल्याशिवाय दार उघडत नाही. तुमच्या नाटकासाठी 'प्रेक्षक शिरतो ते नाटक' या अर्थाचं काहीतरी हवं. 'आतलं नाटक'? मला अजून समाधान नाही. 'सहभागी रंगभूमी' म्हणता येईल, पण मुखवटा घालून गप्प फिरणारा माणूस सहभागी आहे का? तो भुतासारखा आहे, सगळं बघतो आणि त्याला कुणी बघत नाही.

तुमच्याच क्षेत्रातलं एक क्रियापद मला मात्र विलक्षण वाटतं, ते म्हणजे 'रंगणे'. आपण म्हणतो 'प्रयोग रंगला', आणि आपणच म्हणतो 'प्रेक्षक रंगून गेले'. बघा, क्रियापद एकच! तल्लीन फक्त प्रेक्षक होतो, नाटक तल्लीन होत नाही. पण रंगतात दोघंही, आणि एक रंगल्याशिवाय दुसरं रंगत नाही. शिवाय 'रंग' म्हणजे नाट्यस्थळही, म्हणून तर रंगभूमी आणि रंगमंच. जागा, प्रयोग आणि बघणारा या तिघांना एका धाग्यात धरणारा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. तो 'इमर्सिव्ह'चा प्रतिशब्द नाही, कारण साध्या पडद्यासमोरही नाटक रंगतंच. पण परिणामाबद्दल बोलायचं असेल तिथे 'तल्लीन'च्या आधी मी 'रंगून जाणे'कडे वळेन.

प्रतिसाद १

मी 'तन्मय' मागे घेते. फक्त एक शंका. अशा दालनांत निम्मे लोक फोन वर धरून उभे असतात. जी चौकट लपवायला एवढा आटापिटा केला, तीच ते खिशातून काढून परत लावतात. त्याला वेढलेपण म्हणायचं का?

प्रतिसाद ३

हा शब्दाच्या पलीकडचा प्रश्न आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. व्हॅन गॉगच्या चित्रांची प्रक्षेपणं जगभर गाजली. पॅरिसच्या जुन्या ओतशाळेत २०१८ मध्ये सुरू झालेल्या आतेलिए दे ल्युमिएर या कलादालनात ती दहा मीटर उंच भिंतींवर झळकली. मूळ चित्रं बहुतेक हातात धरता येतील एवढी आहेत. जवळ गेलं की रंगाचा जाड थर दिसतो, कुंचल्याची ओढ दिसते. भिंतीवर तो थर उरत नाही, उजेड उरतो. मी ते कमी दर्जाचं म्हणणार नाही, कारण संग्रहालयात बिचकणारी मुलं तिथे जमिनीवर लोळत चित्र बघतात. पण त्याला चित्र बघणं म्हणू नये, चित्राच्या उजेडात न्हाणं म्हणावं. फोन धरलेल्याचंही तेच, तो न्हाताना आपला फोटो काढतो आहे.

मूळ प्रश्नकर्ती

'न्हाणं'! मला इथेच दोन फलकांची उत्तरं मिळाली. पाणीही परत आलं आणि बुडण्याचं भयही नाही. आत्तापर्यंत असं ठरवलंय. दालनाचं वर्णन आहे तिथे 'चहूबाजूंनी वेढणारं'. प्रकाशाबद्दल आहे तिथे 'रंगांत न्हाऊन निघाल'. तंत्रज्ञांच्या फलकावर 'निमज्जन', सोबत एका ओळीचा खुलासा. एका ठिकाणी तो शब्द नुसताच शोभेला होता, तो काढून टाकला, वाक्य सुधारलं. बाहेर पडायच्या दारावरचा फलक तेवढा राहिला आहे. मूळ मजकुराचा आशय असा की डोळे सरावेपर्यंत क्षणभर इथे थांबा, मग बाहेरच्या उजेडात जा.

प्रतिसाद ५

त्याला शब्द शोधायला नको. 'भानावर या, मग दार उघडा.'

मूळ प्रश्नकर्ती

नुसतं 'भानावर या' जरा दटावल्यासारखं वाटतंय. 'सावकाश भानावर या' असं लिहिते.