जिमच्या ट्रेडमिलवरचे केस

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. आज सकाळी जिमच्या ट्रेडमिलवर कुत्र्याचे केस सापडलेत. फोटो टाकलाय, पट्ट्यावर स्पष्ट दिसतायत. जिम माणसांसाठी आहे. ज्यांचा प्राणी असेल त्यांनी आजच्या आज पट्टा पुसून द्यावा.

ए-६०३: रात्री-अपरात्री जिमचा दिवा चालू दिसायचा तेव्हाच मला शंका आली होती.

ए-७०३: मी नेलं होतं ब्रूनोला. परवा रात्री, दहा मिनिटं. जिम रिकामी होती. चुकलंच, परत होणार नाही. पण का नेलं तेही ऐका. चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३९ किलो. डॉक्टर म्हणाले निदान ५ किलो उतरवा. मी सकाळी सातला बाहेर पडतो, रात्री नऊला घरी. सुट्टीच्या दिवशी दुपारी न्यावं तर त्याचं काळं अंग दहा मिनिटांत तापतं. म्हणून घरीच कुत्र्यांचा ट्रेडमिल घ्यायचा विचार चाललाय. कोणाला अनुभव आहे का?

ए-६०३: घरी म्हणजे माझ्या डोक्यावर??

ए-७०३: दादा, खाली रबराची जाड मॅट टाकणार.

ए-६०३: तुमचा मुलगा दोरीच्या उड्या मारायचा तेव्हाही मॅट होती.

बी-४०४: मला तर हे वाचवतच नाही. मुक्या जिवाला यंत्राला जुंपायचं? कुत्रा म्हणजे काय घाण्याचा बैल आहे? मोकळ्या हवेत न्या, झाडं बघू दे त्याला. वेळ नसेल तर पाळू नये माणसाने.

सी-३०२: काकू, जुंपतच होते की एके काळी. इंग्लंडमध्ये मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर उंच एक चाक बसवलेलं असायचं, उंदराच्या पिंजऱ्यात असतं तसं. त्यात आखूड पायांचं, लांब अंगाचं कुत्रं तासन् तास पळायचं आणि त्याच्या पळण्याने विस्तवावरची मांसाची सळई फिरत राहायची. सोळाव्या शतकापासूनचे उल्लेख सापडतात. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली आणि ती जातच संपली. वेल्समधल्या ॲबरगॅव्हनीच्या संग्रहालयात त्यातलं एक पेंढा भरून ठेवलंय, नाव व्हिस्की. अमेरिकेतल्या शेतांवर तर कुत्र्यांना उतरत्या फळीवर चालवून लोणी घुसळून घ्यायचे.

बी-४०४: बघा! तेच म्हणतेय मी.

सी-३०२: पण ते मजुरीसाठी होतं काकू. ब्रूनोला कोणी लोणी काढायला सांगत नाहीये.

ए-७०३: त्याने काढलं तरी तोच खाईल.

सी-१०४: पाण्याची मोटर कोणी चालू केली का? वर पाणी नाही.

सेक्रेटरी: मोटरचा विषय मेंटेनन्सच्या ग्रुपवर. इथे पट्टा कोण पुसतंय एवढं सांगा.

बी-१०१: ट्रेडमिलला सरसकट नावं ठेवू नका. आमचा मोती बारा वर्षांचा. मागच्या वर्षी मागचे पाय धरले होते, उठताना घसरून बसायचा. त्याला पाण्यातल्या ट्रेडमिलवर नेत होतो. काचेची टाकी, खाली पट्टा, आत कोमट पाणी. पहिल्या दिवशी माझ्याकडे असं बघत होता की मी त्याला विकायलाच काढलंय. तिसऱ्या वेळी आपणहून आत शिरला.

डी-२०१: काका, मोतीची गोष्ट योग्य वेळी काढलीत. कुत्र्याच्या कमरेच्या सांध्यापर्यंत पाणी भरलं की पायांवर जेमतेम ३८ टक्के वजन उरतं, म्हणून दुखऱ्या सांध्याला चालता येतं. शस्त्रक्रियेनंतर, संधिवातात, मज्जारज्जूच्या आजारात हे फार कामाचं. तो उपचार झाला. ७०३ चा प्रश्न वेगळा आहे.

बी-१०१: तेच. डॉक्टर आल्या, आता बोला सगळे.

डी-२०१: क्लिनिकमधून लिहितेय, पेशंट आले की थांबेन.

७०३, आधी वजनाचं बोलू. ट्रेडमिलने ५ किलो उतरतील हे डोक्यातून काढा. कुत्रा चालून जेवढं जाळतो ते दोन-चार बिस्किटांत भरून निघतं. २००२ मध्ये लॅब्रॅडॉरवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४८ पिल्लं, एकाच वेतातल्या जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला. जन्मभर. कमी खाणाऱ्यांतली निम्मी १३ वर्षांपुढे जगली, दुसऱ्यांतली निम्मी ११.२ वर्षांपुढे. सांध्यांचा त्रासही त्यांना उशिरा सुरू झाला. दोघांच्या राहण्यात दुसरा फरक नव्हता, फक्त वाटीत होता. घरात ब्रूनोला कोण कोण भरवतं ते मोजा.

ए-७०३: चार जण. आईचं मोजायचं नाही असं आई म्हणते.

डी-२०१: 😄 आईंचंच आधी मोजा. आणि हात वापरा. मुठीवरून बोट फिरवलं की सांधे लागतात ना, तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा वाळलाय. हात उघडा करून पंजाच्या पाठीवरून फिरवा, हाडं लागतात पण वर पातळ थर आहे, ते बरोबर. तळहाताच्या गादीसारखं लागलं तर लठ्ठ. ब्रूनो कशात बसतो?

ए-७०३: तळहातातही नाही, उशीत.

सी-५०१: डॉक्टर, आमचा जर्मन शेफर्ड पाच महिन्यांचा. खूप मस्ती करतो. त्याला जिमवाला ट्रेडमिल नाही, पण सायकलबरोबर पळवला तर चालेल ना? दमून झोपेल तरी.

डी-२०१: नको. मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं टोकांना अजून वाढत असतात, तिथला कूर्चेचा भाग पक्का व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. पिल्लू स्वतः पळतं तेव्हा थांबतं, वळतं, लोळतं. सायकल आणि पट्टा थांबत नाहीत. ट्रेडमिललाही तोच नियम. तुमच्या पिल्लाला दमवायचं असेल तर खाऊ खोलीत लपवा आणि शोधायला लावा.

बी-४०४: म्हणजे ट्रेडमिल वाईटच ना डॉक्टर?

डी-२०१: तसं नाही म्हणाले. मुसळधार पाऊस, डांबर भाजणारं ऊन, मालक आजारी, फटाक्यांच्या आवाजाने कुत्रा बाहेर पडायला तयार नाही, अशा दिवशी घरातली वीस मिनिटं सोन्याची. उन्हाचं तर लोक फार हलक्यात घेतात. हवा २५ अंश असली तरी उन्हातलं डांबर ५० च्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. हाताची मागची बाजू रस्त्याला सात सेकंद टेकवा, टेकवली गेली नाही तर कुत्र्याला नेऊ नका. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो काही येतो तो पंजांना, बाकी सगळी भिस्त धापांवर. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकंच दबलेली, त्यांना धापाही नीट टाकता येत नाहीत. त्यांना ट्रेडमिलवर पळवायचं तर नावही काढू नका. कुत्र्याचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की अवयव जायला लागतात.

आणि हो, घरात सावली असली तरी वारा नसतो. बाहेर कुत्रा हवा कापत जातो, पट्ट्यावर तो एकाच जागी गरम होत राहतो. पंखा समोर हवाच.

(पेशंट आला. मांजर आहे, वेळ लागेल.)

ए-६०३: पंखाही आता. म्हणजे मला आवाज दुप्पट.

बी-२०५: मी मध्ये दोन वर्षं वापरलाय, आमच्या आधीच्या बॉक्सरसाठी. आता पडून आहे, म्हणून खरं ते सांगतो. माणसांचा ट्रेडमिल मोठ्या कुत्र्याला पुरत नाही. त्याची ढांग लांब, पट्टा आखूड. मग तो पावलं आखडती घेतो, पाठ कमानीसारखी होते. पट्ट्यावर नाकापासून शेपटीपर्यंत कुत्रा मावून पुढे-मागे जागा उरायला हवी. दुसरं, मागच्या रोलरपाशी फट असते. शेपटीचे केस, नख, पंजा, काहीही अडकतं. ७०३, तुम्ही परवा ब्रूनोचा पट्टा हँडलला बांधला होता का?

ए-७०३: बांधला होता.

बी-२०५: देव पावला म्हणायचं. कधीही बांधू नका. पाय घसरला की गळ्यातला पट्टा पुढे ओढतो, मशीन मागे, आणि गळ्याला फास. गळपट्टा नाही, छातीचा हार्नेस, आणि दोरी तुमच्या हातात. तुम्ही शेजारी उभे. फोन खिशात. मोठा कुत्रा असला तरी पहिले दोन दिवस मशीन बंद ठेवून नुसतं वर उभं करायचं, खाऊ द्यायचा, उतरवायचं. मग सगळ्यात कमी वेग, दोन मिनिटं. आमच्या बॉक्सरला वीस मिनिटांपर्यंत यायला महिना लागला.

ए-७०३: मी पहिल्याच दिवशी दहा मिनिटं केली. ताशी ६ वर.

बी-२०५: आणि केली त्याने?

ए-७०३: केली. नंतर सोफ्याखाली जाऊन बसला, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बाहेर आला नाही.

डी-२०१: मांजर झाली. ते सोफ्याखालचं लक्षात ठेवा. ट्रेडमिलवर कुत्रा थांबू शकत नाही, म्हणून दमलाय की घाबरलाय ते आपल्यालाच ओळखावं लागतं. कान मागे, शेपूट आत, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय: बंद करा. खाल्ल्यावर लगेच नकोच, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट आतल्या आत पीळ पडून फिरायचा धोका असतो, आणि पोट फिरलं तर हातात फार थोडे तास असतात.

सी-३०२: डॉक्टर, एक शंका. रस्त्यावर आमचा टिपू अर्ध्या तासात चारशे पावलं चालतो, बाकी वेळ खांब हुंगतो. व्यायाम कसला त्यात? ट्रेडमिलवर निदान चालेल तरी.

डी-२०१: तुम्ही ज्याला वाया गेलेला वेळ म्हणताय तोच त्याचा बाहेर जाण्याचा अर्धा हेतू. कोण येऊन गेलं, कुठला कुत्रा नवा आहे, कोण आजारी आहे, सगळं त्या खांबावर लिहिलेलं असतं. आपण या ग्रुपवर करतो तेच तो तिथे करतो.

२०१९ चा एक प्रयोग आहे. दोन आठवडे काही कुत्र्यांना वासाने खाऊ शोधायचा खेळ दिला, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव. आधी आणि नंतर त्यांच्यापुढे एक वाटी अशा जागी ठेवली, की तिच्यात खाऊ आहे की नाही ते कुत्र्याला सांगता येऊ नये. हुंगणारे आधीपेक्षा लवकर त्या वाटीकडे गेले, म्हणजे काहीतरी चांगलंच असेल असं धरून. पायाशी चालणाऱ्यांत तो फरक दिसला नाही. हालचाल दोन्हीकडे होती हं.

ट्रेडमिल पाय चालवतो. एकाच वेगाने, एकाच दिशेने. चढ नाही, उडी नाही, वळणं नाहीत, वास नाही. म्हणून तो बाहेरच्या फेरीला जोडून ठेवा, तिच्या जागी नको. ७०३, सकाळी निघण्याआधी वीस मिनिटं दोरी सैल सोडून त्याला हुंगू द्या, घाई करू नका. रात्री आल्यावर पुन्हा तेवढंच. मशीन घ्यायचंच असेल तर २०५ चा पडून असलेला आधी महिनाभर आणून बघा. बॉक्सरला पुरला तर ब्रूनोला जेमतेम पुरेल.

बी-२०५: न्या, फुकट न्या. बाल्कनी मोकळी होईल. बायको पेढे वाटेल.

ए-६०३: वेळ ठरवून द्या. सकाळी सातच्या आधी नाही, रात्री नऊनंतर नाही. बाकी माझी हरकत नाही.

ए-७०३: दादा, मी सात ते नऊ बाहेरच असतो. म्हणजे रविवारीच.

ए-६०३: मग बरंच झालं की.

बी-४०४: तुम्ही काहीही म्हणा, मला नाही पटत. आमची राणी कशी आनंदात बाहेर फिरते. फक्त पाऊस पडला की पायरीवरून पुढे जात नाही. आणि नेलं तर चिखलाचा डाग पोटाखाली राहतो तो राहतोच, दोनदा शांपू केला तरी.

सी-५०१: गेला आठवडाभर पाऊस लागून राहिलाय, काकू. मग काय करता?

बी-४०४: घरात चेंडू टाकतो.

बी-१०१: काकू, पॉमेरेनियनला चेंडू पुरतो. पण फरशीवर चटई टाका. गुळगुळीत लादीवर वळताना गुडघ्याची वाटी सरकू शकते त्यांची. आमच्या बहिणीच्या कुत्रीला झालं होतं.

सेक्रेटरी: सर्वांची माहिती उत्तम. मी सकाळपासून एकच विचारतोय. पट्टा कोण पुसतंय? संध्याकाळी जिम उघडायची आहे.

ए-७०३: मी आज लवकर येतो, साडेपाचला, पुसतो. एक विचारू का? फोटो आत्ता मोठा करून बघितला. पट्टा काळा आहे.

सेक्रेटरी: हो, मग?

ए-७०३: ब्रूनोचे केस त्यावर दिसलेच नसते. हे पांढरे आहेत. आणि बोटभर लांब.

सी-३०२: 👀

ए-६०३: परवा साडेदहाला दिवा बंद झाला होता. काल परत अकराला चालू होता. मी म्हटलं ७०३ च असणार.

ए-७०३: काल आम्ही सोफ्याखाली होतो.

बी-४०४ यांनी हा मेसेज डिलीट केला.

बी-४०४ यांनी हा मेसेज डिलीट केला.

डी-२०१: काकू, वेग किती ठेवला होतात तेवढं फक्त मला पर्सनलवर सांगा.