मदत हवी आहे: मुलांना हक्क पाठ आहेत, पण मागायला कसं शिकवू?
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात नववीला राज्यशास्त्र शिकवते. मूलभूत हक्क मुलांना तोंडपाठ. पण दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला निघाले की बाक रिकामे होतात, एखादीचं लग्नच ठरतं. परवा एकीने वहीच्या मागच्या पानावर लिहून विचारलं, 'बाई, मैत्रिणीचं लग्न थांबवायचं तर कुणाला सांगायचं?' १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ग्रामसेवक (२००६च्या कायद्याखाली गावात तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी), एवढं सांगितलं. पण हिचं नाव फुटलं तर? घरचे हिचीच शाळा बंद करतील. १० डिसेंबरची, मानवी हक्क दिनाची भाषणं नकोत, ती दरवर्षी होतातच. स्वतः अडचणीत न येता दुसऱ्यासाठी कसं बोलावं, यावर कुणी वर्गात पथनाट्य, खेळ असं काही घेतलंय का? तास जेमतेम ३५ मिनिटांचा आहे.