आईला लघवी धरवत नाही म्हणून ती पाणीच पीत नाही, कोणाकडे न्यायचं?

धाकटी:
आई ६८ ची आहे. गेलं वर्षभर बघतेय, कुठे जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून घरीच राहते आणि पाणी म्हणजे गोळीपुरतं घोटभर. मला वाटलं वय झालं, तहान कमी लागत असेल. मागच्या आठवड्यात रात्री बाथरूमला जाताना पडली, मनगट मोडलं, आणि प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं एवढ्या घाईत कुठे निघाला होतात तेव्हा कुठे खरं कळलं. खोकलं शिंकलं की थोडी होते, कधी दारापर्यंत पोचायच्या आतच होऊन जाते म्हणे. तीन-चार वर्षं!! जुन्या कपड्यांच्या घड्या वापरत होती, मला पत्ता नाही. आता म्हणते वयाप्रमाणे होणारच, त्यात सांगायचं काय. ऑपरेशनच लागतं का याला?

जुनी_नर्स:
ऑपरेशन खूप पुढची गोष्ट आहे गं. आधी पाणी सुरू कर. कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, लघवीच्या पिशवीला ती चुरचुरते आणि उलट जास्त वेळा लागते, वर इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठता, आणि पोट साफ नसेल तर लघवीचा त्रास अजून वाढतो. दिवसा नीट पिऊ दे, फक्त झोपायच्या आधी दोनेक तास कमी. चहा-कॉफी संध्याकाळनंतर नको. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती कधी घेते ते बघ, पण वेळ डॉक्टरांना विचारूनच बदल.
खोकल्यावर होते ती वेगळी आणि लागली की धरवत नाही ती वेगळी, आईला दोन्ही दिसतायत. तीन दिवस वहीत लिहून काढा, किती वाजता, किती प्यायली, कधी गळली. ती वही, लघवीची तपासणी आणि शुगर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, बाई डॉक्टर असली तर आई मोकळी बोलेल. व्यायाम आजपासून चालेल: गॅस अडवताना जसं आत ओढतो तसं आवळायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, श्वास रोखायचा नाही. ८ वेळा, दिवसातून ३ दा. निदान ३ महिने, पंधरा दिवसात काही होत नाही म्हणून सोडतात सगळ्या. आणि लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही, तो सल्ला फार फिरतो.

बहात्तरी:
माझंच सांगते. माझं अंग, म्हणजे गर्भाशय खाली सरकून, बाहेर येत होतं, बसलं की काहीतरी खाली अडकल्यासारखं वाटायचं, त्यात लघवीही पूर्ण होत नसे. सहा वर्षं काढली अशीच, कारण सुनेला काय सांगणार! शेवटी अंग आत धरून ठेवणारी रिंग योनीत बसवली, ऑपरेशन नाही काही नाही, काही महिन्यांनी जाऊन तपासून बदलून यायचं एवढंच. कोरडेपणा आणि जळजळ होती त्याला आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, ते मात्र मनाने आणू नका, आधी तपासतात. आईला अंग बाहेर येतं का ते हळूच विचार, सरळ विचारलंस तर नाहीच म्हणेल.

चष्मा_शोधतोय:
पुरुष आहे, मध्ये बोलतोय. उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं तपासायलाच हवीत. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजायची तपासणी) करा, त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, मग नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही. माझ्या आईचं मनगट आम्ही प्लास्टर काढून विसरलो, दोन वर्षांनी खुबा मोडला. रात्री बाथरूमच्या वाटेवर लाइट चालू ठेवा.

जुनी_नर्स:
हो, डेक्सा राहिलंच माझं. आणि पाळी गेल्यावर कधी एखादा डागही दिसला असेल तर तेही विचार, त्यात थांबायचं नसतं, लगेच दाखवायचं.

धाकटी:
विचारलं. डाग नाही. अंगाचं विचारल्यावर आधी गप्प बसली, मग म्हणाली कधीकधी येतं, पण आपोआप आत जातं. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. वही तिने स्वतःच मागून घेतली, वर "जुना हिशोब" लिहिलंय म्हणजे बाबा उघडणार नाहीत.