मदत हवी आहे: लेझरनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसते

रुग्ण ५४ वर्षांच्या. स्तनाच्या कर्करोगाची मेंदूतली गाठ, उजव्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या खोल मध्यभागात). रेडिओसर्जरीनंतर (नेमक्या जागी दिलेल्या किरणोपचारानंतर) पुन्हा वाढली, म्हणून लेझर अब्लेशन केलं. आधी २.१ सेंमी होती, आता तिसऱ्या आठवड्यात २.८, भोवती सूज. डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) ४ मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू. डाव्या हातातली ताकद तेवढीच आहे. रिपोर्टात 'वाढ नाकारता येत नाही'. भेटीत काय विचारावं?

प्रतिसाद १
या आकड्यावरून धीर सोडू नका. लेझरने गाठ बाहेर काढत नाहीत, फायबर (लेझरचा प्रकाश नेणारी बारीक तार) आत घालून जागेवरच भाजतात. जमेल तिथे कडेबाहेरही थोडं भाजतात, म्हणून पहिल्याच दिवशी तो भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसू शकतो. कडेच्या केशवाहिन्या काही आठवडे गळतात, तिथे गॅडोलिनियम (एमआरआयसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) झिरपून कडं चमकतं. पुढे काही महिन्यांत ते आकसतं. तुलना २.१ शी नको. लेझरनंतर २४-४८ तासांत काढलेल्या एमआरआयशी करायला सांगा.

प्रतिसाद २
सोबत अब्लेशनचा नकाशा मागा. भाजताना एमआरआयवर तापमान मोजत पेशी कुठवर मेल्या त्याची रेषा आखतात. ४३ अंशांना १० मिनिटं ठेवल्यावर होते तेवढी इजा, हा एक नेहमीचा निकष. थॅलॅमसला एका बाजूने व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याने भरलेली पोकळी) लागून असतं, त्यातलं पाणी उष्णता ओढून नेतं. दुसऱ्या बाजूला इंटर्नल कॅप्सूल, हातापायाच्या नसांची वाट, म्हणून सर्जन तिथे लवकर थांबतात. पेशी वाचल्या तर बहुधा या दोन कडांना. सगळीकडून सारखं पातळ कडं असेल तर ते भाजल्याचं असण्याची शक्यता जास्त. रेषेबाहेर नवं जाड ढेकूळ चमकत असेल तर परफ्युजन एमआरआय (त्या भागातला रक्तपुरवठा दाखवणारा) करून घ्या.

प्रतिसाद ३
डेक्सामेथासोन एकदम बंद करू नका, सांगतील तसंच उतरवा. साखर तपासत राहा. गुंगी, उलट्या, फिट, हात आणखी जड होणं, यांपैकी काहीही झालं तर भेटीची वाट न पाहता तडक इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ता
२४ तासांचा एमआरआय सीडीवर मिळाला: ३.० सेंमी. रिपोर्ट देणाऱ्यांकडे तो नव्हता.

प्रतिसाद १
मग 'वाढ' हा शब्द टिकत नाही. मात्र २ मिमी मोजमापातही इकडेतिकडे होतात, त्यामुळे 'कमी झाली' असंही अजून धरू नका. सीडी आणि नकाशा रेडिओलॉजिस्टकडे देऊन सुधारित रिपोर्ट मागा; पुढचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा.