कथेत खानोलकर दिसतायत, पण हा प्रभाव आहे की नुसतं कोकण?

कुडाळकर_वाचक
मंडळी, एक विचारायचं होतं. आमच्याकडे वाचनालयात आम्ही काही जण महिन्यातून एकदा बसतो, तिथल्या एका विशीतल्या मुलाने स्वतःची दीर्घकथा वाचायला दिलीय. जुनं घर, परसातली बाव म्हणजे विहीर, अंगात येणारी काकी, आणि पहिल्या ओळीपासून काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. वाचायला घेतली आणि लगेच मला चिं. त्र्यं. खानोलकर आठवायला लागले, विशेषतः त्यांची 'रात्र काळी, घागर काळी' ही कादंबरी. पण मग वाटलं, खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, कुडाळात त्यांनी खानावळ चालवली, म्हणजे तोच पाऊस, तेच देवचार (गावाची राखण करणारी भुतं), तीच घरं, मग इथलं कोणीही लिहिलं तरी तसंच वाटणार ना? हे ओळखायचं कसं? त्याला प्रामाणिक मत द्यायचंय आणि "तू खानोलकरांसारखं लिहितोस" असा शिक्का मारून मोकळं व्हायचं नाहीये, पोराने फार जीव ओतलाय.

दापोलीकर७१
बाव आणि देवचार बाजूला ठेवा, ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. श्री. ना. पेंडसे घ्या, आमच्या मुर्डीचे, 'गारंबीचा बापू' १९५२ चं. त्यातही बागा आहेत, खोत आहे, गावकी आहे, सगळं कोकणच. पण वाचताना खानोलकर एकदाही आठवत नाहीत. पेंडशांचा माणूस गावाशी भिडतो, गाव त्याच्याबद्दल बोलतं, तो गावाला पुरून उरतो. खानोलकरांचा माणूस आतल्या कशानेतरी ओढला जातो आणि तिथे गाव काय करणार. म्हणून मी तरी असं बघेन की ह्या मुलाच्या कथेत संकट येतं कुठून. भाऊबंदकीतून, पैशातून, की कोणालाच न टळणाऱ्या कशातून? लेखकाची नजर तिथे कळते, झाडामाडांत नाही.

वेंगुर्ल्याची
खरा सांगू, माका ह्यो प्रश्न खूप आवडलो. दापोलीकर म्हणतात ते पटलं पण नजरेच्या आधी वाक्य बघा असं मी म्हणेन. एक पान घ्या, गावाचं नाव, झाडांची नावं, मालवणी शब्द सगळे खोडा आणि उरलेलं मोठ्याने वाचा. खानोलकर आधी कवी, 'जोगवा' १९५९ चा, कादंबऱ्या त्याच्यानंतर, त्यामुळे त्यांचं गद्यही कवितेसारखं वागतं, एक प्रतिमा येते, जाते, परत येते आणि दर वेळी जास्त गडद होते, आणि जे घडलं ते सरळ सांगायच्या ऐवजी ते त्याच्याभोवती फिरत राहतात. हे खोडाखोडीनंतरही उरलं तर प्रभाव आहे. नाही उरलं तर ते आपलं गाव.

आणि एकाच तालुक्यातले दोघे बघायचे असतील तर जयवंत दळवी आहेतच! आरवलीचे, जन्म १९२५, खानोलकर १९३० चे, म्हणजे वयातही फार अंतर नाही. पण 'सारे प्रवासी घडीचे' वाचा, माणसांच्या तऱ्हा सांगत सांगत हसवतात आणि मग एकदम गलबलून येतं. मातीने लेखक ठरत असता तर हे दोघे इतके वेगळे झालेच नसते.

मालगुंडचा_मास्तर
मला एक वेगळं सांगायचंय. प्रभाव सापडला म्हणजे चोरी सापडली अशा सुरात त्या मुलाशी बोलू नका. आमच्या गावचे केशवसुत, त्यांनी सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, इंग्रजीतून आणलं आणि मराठीत रुजवलं. गोविंदाग्रज तर उघडपणे स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवत, तरी दोघांची कविता समोर ठेवली तर विद्यार्थीसुद्धा वेगळी ओळखतात, एकाकडे विचाराचा खडबडीत जोर, दुसऱ्याकडे कल्पनेची आणि शब्दांची आतषबाजी. गुरूकडून त्यांनी धीटपणा घेतला, आवाज स्वतःचा ठेवला.

अजून एक. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ ची, विडंबनं. विडंबन करायचं तर त्या कवीची लकब नेमकी पकडावी लागते, त्याशिवाय ते जमतच नाही. तुम्ही त्या कथेतल्या एका परिच्छेदाचं विडंबन करून बघा. ते खानोलकरांचं विडंबन झालं तर लकब उसनी आहे, आणि त्या मुलाचंच झालं तर त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी आहे.

कुडाळकर_वाचक
वेंगुर्ल्याची, तुमचं खोडाखोडीचं करून बघितलं, खूप उपयोग झाला. पहिल्या निम्म्यात प्रभाव आहेच, बावीचं पाणी सारखं सारखं येतं आणि दर वेळी आणखी काळं होतं, अगदी तुम्ही म्हणता तसं. पण मधे एक भाग आहे, काकी आणि शेजारणी ओले काजूगर काढतायत, चिकाने हाताची सालं निघालीयेत, आणि त्या पैशाचा हिशोब करतायत, कोणाचं देणं, कोणाची फी. तिथे वाक्यं छोटी आहेत, प्रतिमा एकही नाही आणि दापोलीकर, संकटही त्या हिशोबातूनच येतं. तिथे मला कोणीच आठवलं नाही. विडंबन त्या भागाचं करायला बसलो तर जमेना, हात लावावासाच वाटला नाही. त्याला हेच सांगणार की काजूगरांचा भाग वाढव, कथा तिथून सुरू करून बघ.

वेंगुर्ल्याची
सांगा नक्की. फक्त घाबरून खानोलकर वाचायचे सोडू नको म्हणावं, उलट 'कोंडुरा' वाचला नसेल तर द्या, आणि जोडीला दळवी द्या. एकच लेखक वाचला की त्याचाच आवाज कानात राहतो, चार वाचले की कोणाचं काय घेतोय ते त्याचं त्यालाच कळायला लागेल.