व्हियँची तुर्की एचिंग्ज: कौतुक की टिंगल?

कोरीवकाम: १७४८ च्या कार्निव्हलात रोममधल्या फ्रेंच अकादमीत चित्रकला-शिल्पकला शिकणाऱ्या पोरांनी तुर्की सोंगं घेऊन मिरवणूक काढली, विषय काय तर मक्केला निघालेला सुलतानाचा काफिला, आणि त्यांच्यातल्याच जोसेफ-मारी व्हियँने मग एकेका पात्राचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, केलं. तीसेक प्रिंट आहेत. रेषा अप्रतिम, वादच नाही. पण लोक हे 'ऑटोमन पोशाख', म्हणजे खरे तुर्की कपडे, म्हणून शेअर करतात तेव्हा डोकं फिरतं. अहो, त्यातल्या सुलताना म्हणजे बायकी वेषातले विद्यार्थी आहेत! दुसऱ्यांची हजयात्रा, पोपचं शहर आणि वर कार्निव्हल. मला तरी ही टिंगलच वाटते.

तिरकसराव: आली का टिंगल! कार्निव्हलात सगळेच कोणीतरी बनतात हो. मखमल-रेशीम परवडेना म्हणून साध्या कापडावर रंगाने नक्षी काढली त्यांनी. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, या पठ्ठ्यांनी तेही आणलं. टिंगलीसाठी एवढं कोण खपतं?

दौत_लेखणी: शिवाय तुर्की कपडे तेव्हा युरोपला नवीन नव्हते. व्हानमूर नावाचा चित्रकार इस्तंबूलमध्येच राहायचा, फ्रेंच राजदूत फेरिओलने त्याच्याकडून चित्रं काढून घेतली आणि त्यावरून केलेले शंभर प्रिंट १७१४ च्या सुमारास पॅरिसमध्ये पुस्तक म्हणून निघाले. पुढे कितीतरी चित्रकारांनी तुर्क काढताना हेच पुस्तक समोर ठेवलं.

कोरीवकाम: तेच म्हणतोय मी. चित्रावरून कपडे, कपड्यांवरून परत चित्र, आणि व्हियँ स्वतः तुर्कस्तानात कधी गेलाच नाही. आणि १६८३ ला तुर्क व्हिएन्नाच्या वेशीवर होते तेव्हा सुचली असती का ही मिरवणूक? भीती गेली की नटणं सुचतं.

तिरकसराव: व्हिएन्नाची भीती फ्रेंचांच्या गळ्यात कशाला घालता? १५३६ पासून त्यांची सुलतानाशी दोस्ती. १७४२ ला ऑटोमन वकील सैद एफेंदी पॅरिसमध्ये होता, लोकांनी खरे तुर्क बघितले होते.

दौत_लेखणी: मला एक वेगळीच गंमत वाटते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने ओरखडे, मग अ‍ॅसिड, रंगाचा प्रश्नच नाही. त्यामुळे रंगवलेलं स्वस्त कापड आणि खरा किनखाब दोन्ही सारखेच उमटतात. मिरवणुकीत जवळून बघणाऱ्याला कळलं असेल, प्रिंट बघणाऱ्याला कसं कळणार?

कोरीवकाम: म्हणूनच म्हणतो, खाली 'रोममधले विद्यार्थी' एवढं लिहा, माझं भांडण मिटलं.

तिरकसराव: ते लिहिल्यावर लाईक कोण देणार?